बासनात गेलेले अहवाल

माझा विषय खगोलशास्त्र. इतिहासावर लिहायचं म्हटलं की मी जरा बिचकतेच. पण आज सांगणार आहे तो इतिहास मला एका खगोलशास्त्राच्या थिसिसमुळेच सापडला. रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांची तेजस्विता कमीजास्त होत राहते असे तारे, यांच्यावरचं जुनं काम शोधत होते. त्यात १९५६ सालचा हार्वर्डचा एक पीएचडी प्रबंध समोर आला. विषय होता आरव्ही टॉरी प्रकारचे तारे. लेखक, फ्रँक कॅमेनी.

मला सवय आहे, कुणाचं काम आवडलं की त्यांचे पुढचे पेपर शोधायचे. कॅमेनींचे पुढचे पेपर फारसे सापडेनात. म्हणून नाव शोधलं, तर माणूस भलत्याच कारणासाठी प्रसिद्ध निघाला. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यातून युरोपात लढले होते. भरतीच्या वेळी विचारलं गेलं होतं, समलैंगिक प्रवृत्ती आहे का? ते 'नाही' म्हणाले. खरं सांगितलं असतं तर लढायलाच मिळालं नसतं. पीएचडीनंतर त्यांना लष्कराच्या नकाशा विभागात मुलकी नोकरी मिळाली. अचूक नकाशे करायला खगोलशास्त्र लागतंच. आणि १९५७ च्या अखेरीस ते समलिंगी आहेत या कारणावरून त्यांना काढून टाकण्यात आलं. खगोलशास्त्रज्ञ म्हणून सरकारी नोकरी त्यांना परत मिळाली नाही.

तिथून मी वाचत गेले, आणि एका गोष्टीपाशी अडकले. समलिंगी माणसं सैन्यात नकोत, हा अमेरिकी लष्कराचा नियम अन्यायाचा होता, हे आज पुष्कळ लोक मान्य करतात. पण लष्कराने स्वतःच तो नियम पुन्हा पुन्हा तपासून पाहिला होता, पुन्हा पुन्हा उत्तर 'कारण सापडत नाही' असंच आलं होतं, आणि प्रत्येक वेळी अहवाल बासनात गुंडाळून ठेवला गेला, हे मला माहीत नव्हतं. संशोधन करणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार टोचते. म्हणून हा लेख.

पहिलं कारण: आजार

आधी शिक्षा व्हायची ती कृत्याला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लष्करी कायद्यात त्याची कलमं आली. दुसऱ्या महायुद्धात चित्र बदललं. लाखो तरुणांची भरती करायची होती, आणि चाळणी लावायला मनोविकारतज्ज्ञ आले. आता प्रश्न 'याने काय केलं' हा राहिला नाही, 'हा कोण आहे' हा झाला. समलैंगिकता हा आजार, आणि आजारी माणूस लढायला नालायक, असा तर्क होता.

गंमत म्हणजे त्या युद्धात अमेरिकेच्या सैन्यात १ कोटी ६० लाखांहून जास्त माणसं होती, आणि समलिंगी म्हणून भरतीलाच नाकारलेली जेमतेम चार-पाच हजार. म्हणजे बहुतेक समलिंगी तरुण कॅमेनींसारखेच गुपचूप आत गेले आणि बाकीच्यांसारखेच लढले.

जे सापडले त्यांचं काय? युद्धकाळात सुमारे ९ हजार जणांना समलिंगी म्हणून घरी पाठवलं गेलं. त्यांना मिळे तो 'ब्लू डिस्चार्ज', कारण तो निळ्या कागदावर छापलेला असे. हा सन्मानाचा डिस्चार्ज नव्हता आणि कोर्ट मार्शलची शिक्षाही नव्हती. मधलंच काहीतरी. पण त्या कागदाची किंमत मोठी होती. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकार शिक्षणासाठी आणि घरासाठी मदत देत होतं, ती या लोकांना नाकारली गेली. नोकरी मागायला गेलं की मालक डिस्चार्जचा कागद बघायला मागे. निळा रंग दिसला की पुढे काही सांगावं लागत नसे. हाच निळा कागद कृष्णवर्णीय सैनिकांच्या हातातही त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी जास्त दिला गेला. 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने त्याविरुद्ध मोहीम चालवली. १९४७ मध्ये ब्लू डिस्चार्ज बंद झाला. नियम मात्र राहिला.

दुसरं कारण: गुपितं फुटतील

मग शीतयुद्ध आलं आणि कारण बदललं. समलिंगी माणसाला शत्रू ब्लॅकमेल करेल आणि तो देशाची गुपितं फोडेल, असं आता सांगितलं जाऊ लागलं. १९५० मध्ये अमेरिकी सिनेटच्या एका समितीने हे म्हटलं, आणि उदाहरण दिलं ऑस्ट्रियाच्या कर्नल रेडलचं. या रेडलने रशियाला गुपितं विकली होती आणि उघडकीला आल्यावर १९१३ मध्ये स्वतःला गोळी घालून घेतली होती. जरा विचार करा. अमेरिकेतल्या हजारो माणसांना नोकरीतून काढायचं, आणि पुरावा म्हणून दाखवायचा तो जवळपास चाळीस वर्षांपूर्वीचा, दुसऱ्या देशातला, एक माणूस. तोही असा, की ज्याच्या बाबतीत पैशाचा हव्यास ठळकपणे दिसतो. माझ्या गाईडसमोर मी एवढ्या डेटावर निष्कर्ष मांडला तर मीटिंग तिथेच संपेल.

शिवाय या युक्तिवादात एक गोल फेरा आहे. माणूस ब्लॅकमेलला कधी बळी पडतो? गुपित फुटलं तर नोकरी जाईल अशी भीती असते तेव्हा. ती भीती निर्माण कोण करतं? नियमच. म्हणजे नियमामुळे जो धोका तयार होतो, तोच नियमाचं कारण म्हणून पुढे केला जात होता.

हे मी आज शहाणपणाने सांगते आहे असं नाही. नौदलाने कॅप्टन क्रिटेंडन यांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ नेमलं होतं, त्याचा अहवाल मार्च १९५७ मध्ये आला. समलिंगी माणसं एक गट म्हणून इतरांपेक्षा सुरक्षेला जास्त धोकादायक असतात, याला सबळ आधार सापडत नाही, असं त्या मंडळाने स्वच्छ लिहिलं. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं, की बंदी उठवा असं मात्र ते मंडळ म्हणालं नाही. समाज जिथे आहे त्याच्या पुढे नौदलाने जाऊ नये, असं त्यांचं मत पडलं. म्हणजे कारण खोटं ठरलं, पण नियम चालू द्या. तरीही तो अहवाल दडवला गेला. तो लोकांपुढे यायला जवळपास वीस वर्षं लागली.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. मार्च १९५७ मध्ये अहवाल, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कॅमेनींची नोकरी गेली. ते कोर्टात गेले, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांचं म्हणणं ऐकायलाच नकार दिला. त्यांना उपयोगी पडला असता असा कागद सरकारच्याच कपाटात होता.

एक पत्र

पुढे कॅमेनी अशाच लोकांना मदत करू लागले. त्यांतले एक लेनर्ड मॅटलोविच, हवाई दलातले सार्जंट. व्हिएतनामच्या तीन खेपा, सुरुंगाने जखमी झाले, ब्राँझ स्टार आणि पर्पल हार्ट ही पदकं, सेवेची नोंद उत्तम. मार्च १९७५ मध्ये त्यांनी आपणहून वरिष्ठांना पत्र दिलं: मी समलिंगी आहे, आणि माझ्या कामात त्याने काही फरक पडत नाही. त्यांना सांगितलं गेलं, 'यापुढे असं वागणार नाही' असं लिहून द्या. त्यांनी दिलं नाही. त्याच वर्षी त्यांना काढलं. पाच वर्षांनी कोर्टाने परत घ्यायचा आदेश दिला, शेवटी पैशांवर तडजोड झाली. वॉशिंग्टनमधल्या त्यांच्या थडग्यावर त्यांचं नाव नाही, फक्त व्हिएतनामचा एक समलिंगी सैनिक एवढीच ओळख आहे. नावाच्या जागी त्यांना बाकीचे सगळे हवे होते.

तिसरं कारण: तुकडीची एकजूट

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नियम आणखी कडक झाला, आणि आता जोर आला शिस्त, मनोधैर्य आणि एकजुटीवर. इतर सैनिकांना अवघडल्यासारखं होईल, तुकडी फुटेल, असं म्हणणं होतं.

संरक्षण खात्याच्याच एका संशोधन केंद्राने १९८८ मध्ये यावर अहवाल दिला. समलिंगी माणसं सैन्याला अयोग्य आहेत याला आधार नाही, आणि त्यांच्याविरुद्धचे हे आक्षेप कृष्णवर्णीय सैनिकांना वेगळं ठेवताना घेतलेल्या आक्षेपांसारखेच आहेत, असा त्याचा सूर होता. वरिष्ठांनी तो नाकारला. पुढच्या वर्षी संसद सदस्यांमार्फत तो बाहेर आला. १९९२ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने हिशेब मांडला: १९८० ते १९९० या काळात सुमारे १७ हजार लोकांना या नियमाखाली काढलं गेलं. १९९३ मध्ये संरक्षण मंत्र्यांच्या सांगण्यावरून रँड संस्थेने मोठा अभ्यास केला. त्यांनी एकजुटीचे दोन प्रकार वेगळे केले: एकमेकांबद्दल आपुलकी, आणि हातातल्या कामाबद्दलची बांधिलकी. कामगिरीशी संबंध दिसतो तो मुख्यतः दुसऱ्याचा. लॅबमध्ये काम केलेल्या कुणालाही हे पटेल. ज्याच्याशी आपलं अजिबात पटत नाही, त्याच्याबरोबरही दुर्बिणीवरची रात्र नीट पार पडते, कारण दोघांनाही डेटा हवा असतो.

हा सल्ला बाजूला ठेवून १९९३ मध्ये आला तो प्रसिद्ध 'विचारू नका, सांगू नका' कायदा. समलिंगी असा, पण कळू देऊ नका. वरवर ही सवलत वाटते. पण सैनिकाचं आयुष्य आठवून बघा. टेबलावर जोडीदाराचा फोटो ठेवायचा नाही. घरून आलेलं पत्र लपवायचं. जखमी झालो तर कुणाला कळवायचं, याचं खरं उत्तर द्यायचं नाही. ज्या संस्थेत खरेपणा हा गुण मानतात, तिने हजारो लोकांवर रोज खोटं बोलायची वेळ आणली. या कायद्याखाली १३ हजारांहून जास्त लोक गेले. त्यांतल्या पहिल्या दहा वर्षांत गेलेल्यांपैकी ३२२ जणांना महत्त्वाच्या परकीय भाषा येत होत्या, असं २००५ च्या सरकारी अहवालात आहे. आणि त्या दहा वर्षांच्या शेवटी शेवटी अमेरिका अफगाणिस्तान आणि इराकमध्ये लढत होती.

मग प्रयोग झाला

आता तुम्ही म्हणाल, अहवाल ठीक आहेत, पण सैन्य म्हणजे ऑफिस नव्हे. एकाच तंबूत झोपायचं, एकमेकांच्या भरवशावर जीव ठेवायचा. चूक झाली तर माणसं मरतील. हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. पण त्याचं उत्तर मतांमध्ये शोधायचं नाही, प्रत्यक्षात काय घडलं ते बघायचं.

ब्रिटनमध्ये १९९६ च्या पाहणीत सैनिकांचा बंदी उठवायला मोठा विरोध होता. १९९९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला, की इतरांची नाराजी एवढंच कारण पुरेसं नाही, वंशाच्या बाबतीत ते पुरेसं नसतं तसंच. जानेवारी २००० मध्ये बंदी उठली. भाकीत केलेली पडझड झाली नाही. अमेरिकेत २०१० मध्ये सुमारे १ लाख १५ हजार सैनिकांनी प्रश्नावली भरून दिली. सुमारे ७० टक्क्यांचं म्हणणं होतं की परिणाम चांगला, संमिश्र किंवा शून्य असेल. लढाऊ तुकड्यांत नाराजी जास्त होती. पण ज्यांनी समलिंगी सहकाऱ्याबरोबर खरोखर काम केलं होतं, त्यांतल्या ९२ टक्के लोकांना तुकडीच्या कामात काही वाईट दिसलं नव्हतं. २० सप्टेंबर २०११ ला बंदी गेली. सैन्य जागेवर राहिलं.

मला या सगळ्यातला अन्याय इथे दिसतो. सिद्ध करायची जबाबदारी कायम सैनिकावर होती. त्याने पदकं मिळवली तरी पुरेसं नाही. नियमाला मात्र काहीच सिद्ध करावं लागलं नाही. आजार हे कारण पडलं, तर गुपितं. ते पडलं, तर एकजूट. कारण कुठलंही चालत होतं, कारण निर्णय आधीच झाला होता.

आपल्याकडे काय? ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध ३७७ कलमातून बाहेर काढले. त्यानंतर चारच महिन्यांनी, तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी हे लष्करात चालणार नाही असं सांगितलं. लष्कराला वेगळा कायदा आहे, १९५० चा, आणि संविधानाचं कलम ३३ सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालायची मुभा संसदेला देतं. कायद्याची बाजू कायदेवाले बघतील. मला एवढंच वाटतं, की 'आपलं सैन्य वेगळं आहे' हे वाक्य प्रत्येक सैन्याने म्हणून झालेलं आहे. तेव्हा कुणी ते पुन्हा म्हणालं, तर आधी विचारावं: तपासून पाहिलंत का? आणि पाहिलं असेल, तर अहवाल कुठे आहे?

कॅमेनींचं राहिलंच. २००९ मध्ये अमेरिकी सरकारने त्यांची लेखी माफी मागितली. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते. सैन्यातली बंदी उठल्यावर तीन आठवड्यांनी, ११ ऑक्टोबर २०११ ला ते गेले. त्यांचा प्रबंध माझ्या लॅपटॉपवर आहे. निरीक्षणं नीटस आहेत. पुढची पन्नास वर्षं त्यांनी आकाशाकडे बघून काय काय मोजलं असतं, याचा मी अधूनमधून विचार करते.