भट्टीवाल्याच्या नोंदी

१९४० च्या शरद ऋतूत लंडनवर जर्मन विमानांचा अग्निवर्षाव सुरू झाला आणि ज्यांचे घर ढिगाऱ्यात गेले, ज्यांचा बाप रणांगणावर व आई कारखान्यात अडकलेली, अशा बालकांची तजवीज कोठे लावावी हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा व्हिएन्नाहून परागंदा होऊन आलेल्या बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांनी डोरोथी बर्लिंगहॅम यांच्यासह हॅम्पस्टेड भागात, अमेरिकन देणग्यांच्या आधारावर, बालसंगोपनगृहे चालविली. एरवी अशा संस्थांचा कारभार म्हणजे दूध, कपडे, हजेरी आणि शिस्त. येथे मात्र शिरस्ता असा होता की, काम कोणतेही असो, अगदी भट्टीत कोळसा टाकणाऱ्या गड्यानेदेखील मुलांविषयी जे दृष्टीस पडेल ते चिठ्ठीवर टिपून दप्तरी दाखल करावे.

आरंभी सगळी मुले सगळ्या दायांची होती. अशा व्यवस्थेत वाढलेले मूल पुष्कळदा कोणाच्याही कडेवर जाते, आणि आपण कौतुकाने त्याला ‘गुणी बाळ’ म्हणतो. पुढे सहा दायांकडे प्रत्येकी साधारण चार मुले नेमून दिली, आणि आठवड्याच्या आत ती सहाही ‘कुटुंबे’ अशी पक्की जमली की, संस्थेची शांतता पार मोडली. आपली बाई क्षणभर दाराआड झाली की मूल हंबरडा फोडी; तिने दुसऱ्याला जवळ घेतले की मारामारीस तोंड लागे. एखाद्या व्यवस्थापकास हा निव्वळ उपद्व्याप वाटला असता, व त्याला दोषही देववत नाही, कारण न रडणारे मूल सांभाळणे केव्हाही सोपे. परंतु ॲना फ्रॉइड यांनी या आक्रोशात इतके दिवस निद्रिस्त राहिलेली ओढ जागी झालेली पाहिली. त्या मत्सराच्या जोडीनेच मुलांची वाढही झपाट्याने होऊ लागली.

तो कोळसा टाकणारा गडी म्हणजे जेम्स रॉबर्टसन, शस्त्र धरण्यास नकार दिलेला एक स्कॉटिश तरुण. टिपणे लिहिता लिहिता त्याची नजर तयार झाली, आणि १९५२ साली त्याने, रुग्णालयात आठ दिवस आईवाचून राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा मूकपट लंडनच्या डॉक्टरांपुढे मांडला. मंडळी संतापली. त्या चित्रपटात मुलगी फारशी रडतच नाही. मधूनच आईविषयी विचारते, ओठ आवळते आणि कापडी अस्वल छातीशी धरते.