उंबरठ्यावरचे व्याकरण

बदलीच्या निमित्ताने चेन्नईस आलेल्या मराठी कुटुंबास पहिल्याच सकाळी जी गोष्ट आपलीशी वाटते, ती म्हणजे दारोदारी रेखाटलेला कोलम. आपली रांगोळी शिरगोळ्याच्या पुडीची, तर येथील कोलम परंपरेने तांदळाच्या पिठाचा, एवढाच काय तो फरक. ठिपके मांडावयाचे आणि त्यांभोवती रेषा फिरवावयाची, ही रीत दोहोंकडे ओळखीची आहे. मात्र याच कोलमने या शहरातील गणितज्ञांना संगणकाच्या भाषांविषयी विचार करावयास लावले, हे आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल. मलाही ते अगदी अलीकडे कळले.

त्याचे कारण घरगुती आहे. आमच्या कन्येने संगणकशास्त्राची पदव्युत्तर परीक्षा दिल्यावर हाती आलेली नोकरी न स्वीकारता, संगणक-भाषांच्या सिद्धान्तावर विद्यापीठात संशोधन करण्याचा मनोदय बोलून दाखविला. मी कला शाखेचा पदवीधर. उभे आयुष्य सरकारी टिपणे लिहिण्यात गेले. ‘याचा उपयोग काय?’ हाच प्रश्न प्रथम माझ्या तोंडून निघाला. तिने वाद घातला नाही. एका जुन्या शोधनिबंधाची प्रत तेवढी माझ्यापुढे ठेवली. तो 1974 साली प्रसिद्ध झालेला होता आणि त्याच्या शीर्षकात ‘कोलम’ हा शब्द होता.

निबंधाचे लेखक तिघे : गिफ्ट सिरोमणी, राणी सिरोमणी आणि कमला कृतिवासन. सिरोमणी दांपत्य मद्रास ख्रिश्चन कॉलेजात अध्यापन करीत असे. 1837 साली आरंभ झालेली ही संस्था 1937 साली शहरातून तांबरमच्या विस्तीर्ण, वृक्षाच्छादित परिसरात गेली. राणी सिरोमणी (1929–2019) या गणिताच्या प्राध्यापिका, तर गिफ्ट सिरोमणी (1932–1988) संख्याशास्त्राचे. प्राचीन लिपींपासून कोलमपर्यंत अनेक विषयांत गिफ्ट यांनी रस घेतला.

त्यांच्या कार्याचे मर्म समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. संगणकास आज्ञा द्यावयाची तर ती त्याला समजेल अशा भाषेत दिली पाहिजे. 1957 साली ‘फोरट्रान’ ही भाषा व्यवहारात आली आणि माणसाला जवळची वाटणारी सूत्रे यंत्राच्या बोलीत उतरविणे शक्य झाले. परंतु लिहिलेली आज्ञा शुद्ध की अशुद्ध, हे ठरवावयाचे कोणी? त्यासाठी व्याकरण हवे. नोम चॉम्स्की यांनी 1956 च्या सुमारास व्याकरणाला गणिती रूप दिले. जॉन बॅकस यांनी 1959 साली संगणक-भाषेचे नियम लिहिण्याची एक पद्धत मांडली आणि पीटर नाउर यांनी 1960 च्या ‘अल्गोल’ भाषेच्या अहवालात ती वापरली. या पद्धतीचे पाणिनीच्या सूत्रपद्धतीशी असलेले साम्य पाहून, तिला पाणिनीचेही नाव द्यावे अशी सूचना पीटर इंगरमन यांनी 1967 साली केली. शाळेत संस्कृतचे नियम घोकताना आपणांस कधी याची कल्पना आली होती काय?

मूठभर नियम आणि त्यांतून निघणारी अगणित वाक्ये, हा या शास्त्राचा गाभा होय. कोणत्या प्रकारच्या नियमांतून कोणती भाषा निर्माण होते, आणि दिलेले वाक्य त्या भाषेतले आहे की नाही हे यंत्राला ठरविता येते काय, असे प्रश्न येथील संशोधक विचारतो. या कामास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. कागद, पेन्सिल, फळा आणि मुख्य म्हणजे चिकाटी एवढी सामग्री पुरते.

वाक्य एकाच दिशेने पुढे जाते. चित्र मात्र आडवेही वाढते आणि उभेही. मग चित्राचे व्याकरण कसे असावे? 1972 साली तांबरमच्या या संशोधकांनी एक उत्तर दिले. प्रथम चिन्हांची एक आडवी ओळ तयार करावयाची, नंतर तीतील प्रत्येक चिन्हापासून एकाच वेळी उभे स्तंभ वाढवावयाचे. दोन वर्षांनी हाच विचार विस्तारून त्यांनी कोलमला लावला. ‘कृष्णाचे वाळे’ या नावाने ओळखला जाणारा एक कोलम आहे. लहान आकृतीपासून आरंभ करून तोच नियम पुनःपुन्हा लावला की तो मोठा, अधिक मोठा होत जातो. ज्या स्त्रियांनी व्याकरणाचे पुस्तक कधी उघडले नसेल, त्यांच्या बोटांत असे नियम पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते.

येथे आणखी एका नावाचा उल्लेख आवश्यक आहे. आर. नरसिंहन यांचा जन्म 1926 साली मद्रासचा, परंतु त्यांची कर्मभूमी मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था. तेथे 1960 साली पूर्ण झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाच्या उभारणीत त्यांचा प्रमुख वाटा होता. चित्रांना व्याकरण लावण्याचा विचार त्यांनी साठच्या दशकातच मांडला, आणि 1967 साली संगणक-भाषांच्या सिद्धान्तावर दीर्घ निबंध लिहिला. मद्रासचा माणूस मुंबईत रुजला. आपण महाराष्ट्रातून येऊन येथे रुजलो. विद्येचे आणि माणसांचे हे येणेजाणे जुनेच आहे.

तांबरमच्या त्या अभ्यासाची शाखा पुढे वाढली. कमला कृतिवासन यांनी मद्रासच्या आय. आय. टी. मध्ये याच विषयाचे अध्यापन केले. वनस्पतींची वाढ नियमांनी रेखाटणाऱ्या परदेशी शास्त्रज्ञांनीही ऐंशीच्या दशकात कोलमची दखल घेतली. 1989 साली सुरू झालेल्या आणि आज सिरुसेरी येथे असलेल्या चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटशी राणी सिरोमणी यांचाही संबंध राहिला. आज कोणतीही संगणकीय आज्ञावली यंत्रभाषेत उतरते ती आधी तिचे व्याकरण तपासले गेल्यावरच.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला एवढ्यावरून मिळाले, असे मी म्हणणार नाही. पुढील पाच-सहा वर्षे अल्प विद्यावेतनावर काढावयाची, आणि त्यानंतरही स्थैर्याची शाश्वती नाही, ही बापाची काळजी इतिहास वाचून मिटत नाही. मात्र ‘उपयोग काय’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावयाचा नसतो, इतके मी शिकलो. तो तांबरमला कोणी 1972 साली विचारला असता, तर उत्तर काय मिळाले असते?

नोकरी नाकारणाऱ्या पत्राचा मसुदा कन्येने मला तपासावयास दिला. मी त्यात काही बदल सुचविला नाही. आता रोज सकाळी शेजारच्या मामी कोलम घालीत असता ती क्षणभर थांबून पाहते, आणि कचेरीस निघालेला मीही थांबतो. परक्या प्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांनी येथील उंबरठ्यांवरून काय उचलले, याकडे आपण आईबापांनी थोडे लक्ष द्यावे, एवढेच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी सुचवावेसे वाटते.