इंधन नियंत्रक : इंजिनाच्या मेंदूशी मसलत

कार्ब्युरेटरच्या जमान्यात मोटारसायकलीचे 'ट्यूनिंग' ही मिस्त्रीच्या कानाची आणि एका स्क्रू-ड्रायव्हरची करामत होती. इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून तो हवेचा स्क्रू पाव फेरा आत-बाहेर करी, स्पार्क प्लग काढून त्यावरील काजळीचा रंग पाही आणि गाडी मालकाच्या हाती देई. इंधन-अंतःक्षेपण म्हणजेच 'फ्युएल इंजेक्शन' आले आणि हा स्क्रू नाहीसा झाला. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे, हे आता एक लहानसा संगणक ठरवतो. त्या संगणकाच्या निर्णयात हस्तक्षेप करणारे जे उपकरण वाहन उत्पादकाबाहेरच्या बाजारात मिळते, ते म्हणजे इंधन नियंत्रक किंवा 'फ्युएल कंट्रोलर'. गाडीची ताकद वाढेल, धक्के थांबतील, अशा आश्वासनांवर ही उपकरणे विकली जातात. त्यांत तथ्य किती आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमत कोणती, हे समजून घेणे आवश्यक आहे.

मिश्रणाचे गणित

पेट्रोल संपूर्ण जळण्यासाठी एक किलो इंधनाला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण नेमके साधले, की त्याला 'लॅम्डा एक' असे म्हणतात. हवा याहून अधिक असेल तर मिश्रण विरल, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत 'लीन'. इंधन अधिक असेल तर समृद्ध, म्हणजे 'रिच'. इंजिनाची कमाल ताकद साधारण १२.५ ते १३.२ या किंचित समृद्ध पट्ट्यात मिळते, तर काटकसरीची चाल थोड्या विरल मिश्रणावर साधते. ताकद, मायलेज आणि स्वच्छ धूर या तिन्ही गोष्टी एकाच प्रमाणात मिळत नाहीत. ट्यूनिंगचा सारा प्रश्न येथूनच सुरू होतो.

हे प्रमाण राखण्याचे काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण केंद्र करते. थ्रॉटल किती उघडला आहे, इंजिनाचे फेरे किती, हवेचा दाब व तापमान काय, हे संवेदकांकडून जाणून घेऊन ते इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवते. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनाचे एक आवर्तन अवघ्या २० मिलिसेकंदांत पूर्ण होते. इंजेक्टर त्यातील १६ मिलिसेकंद उघडा असेल, तर त्याची ८० टक्के क्षमता वापरली गेली. त्यापुढे फारसा वाव उरत नाही. मोठे बदल केलेल्या इंजिनांना मोठे इंजेक्टर लागतात ते यामुळेच.

एक्झॉस्टमध्ये बसवलेला ऑक्सिजन संवेदक ही या व्यवस्थेची परीक्षक यंत्रणा होय. बॉश कंपनीचा हा 'लॅम्डा' संवेदक १९७६ मध्ये व्होल्वोच्या मोटारींत प्रथम बसवला गेला. धुरातील ऑक्सिजन पाहून मिश्रण समृद्ध आहे की विरल, हे तो ईसीयूला सतत कळवतो आणि ईसीयू त्यानुसार सुधारणा करते. यालाच 'क्लोज्ड लूप' म्हणतात. त्रिमार्गी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धुरातील तिन्ही प्रमुख प्रदूषके एकाच वेळी निष्प्रभ करू शकतो, तो लॅम्डा एकच्या आसपासच्या अगदी अरुंद पट्ट्यात. म्हणूनच रोजच्या चालीत ईसीयू तेथून हलू इच्छित नाही. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मात्र सामान्यतः संवेदकाकडे दुर्लक्ष करून ते ठरवून दिलेल्या कोष्टकाप्रमाणे अधिक इंधन देते. हा 'ओपन लूप'.

भारतात २००६ मध्ये हीरो होंडाने 'ग्लॅमर एफआय' आणली. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये 'पल्सर २२० डीटीएस-एफआय' बाजारात उतरवली आणि २००९ मध्ये तीच गाडी पुन्हा कार्ब्युरेटरवर नेली. ग्राहक आणि गॅरेज, दोघांनाही कार्ब्युरेटर जवळचा वाटावा असा तो काळ होता. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींच्या बाबतीत हा प्रश्न निकालात निघाला.

नियंत्रकांचे प्रकार

बाजारातील उपकरणे ढोबळमानाने चार प्रकारांत मोडतात.

पहिला प्रकार संवेदकाला फसवणारा. हवा आहे त्याहून थंड असल्याचे किंवा मिश्रण आहे त्याहून विरल असल्याचे खोटे संकेत हे उपकरण ईसीयूला देते आणि ईसीयू बिचारे इंधन वाढवते. स्वस्त आणि बसवायला सोपा, पण बारकावा नसलेला असा हा मार्ग.

दुसरा प्रकार 'पिगीबॅक'. ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मध्ये बसून हे उपकरण ईसीयूने दिलेला संकेत अडवते आणि तो काही टक्के लांबवून वा आखडून पुढे पाठवते. अमेरिकेतील डायनोजेट कंपनीचे 'पॉवर कमांडर' हे याचे प्रसिद्ध उदाहरण. यात एका बाजूला इंजिनाचे फेरे आणि दुसऱ्या बाजूला थ्रॉटलची टक्केवारी असे कोष्टक असते. प्रत्येक चौकटीत इंधन किती टक्के वाढवायचे वा घटवायचे तो आकडा भरलेला असतो. उपकरण काढले की गाडी मूळ स्थितीत येते.

तिसरा प्रकार मूळ ईसीयूमधील आज्ञावलीच बदलण्याचा, म्हणजे 'रिमॅप' किंवा 'फ्लॅश'. चौथा प्रकार संपूर्ण स्वतंत्र ईसीयूचा. तो प्रामुख्याने शर्यतीच्या वाहनांसाठी.

डिझेल मोटारींचे 'ट्यूनिंग बॉक्स' हे पहिल्या प्रकाराचेच भाऊबंद. कॉमन रेलमधील दाब आहे त्याहून कमी असल्याचे ते भासवतात, ईसीयू दाब वाढवते आणि अधिक डिझेल आत जाते. ताकद जाणवण्याइतकी वाढते; पण टर्बो, पिस्टन आणि क्लच यांच्यावरचा ताण आणि सायलेन्सरमधील काजळीही वाढते.

लाभ कोठे, भ्रम कोठे?

इंजिनाची ताकद शेवटी ते किती हवा ओढते यावर ठरते. नियंत्रक केवळ इंधन बदलतो. हवा वाढवत नाही. कंपनीतून जशी आली तशीच असलेल्या गाडीवर तो बसवून ताकदीत मोठी झेप घेता येत नाही. हवेचा फिल्टर आणि एक्झॉस्ट बदलून हवेची वाट मोकळी केली असेल, तर मूळ कोष्टक अपुरे पडते. अशा वेळी मिश्रण पुन्हा जुळवणे ही चैन नव्हे, ती इंजिनाच्या सुरक्षिततेची गरज ठरते.

मंद गतीत गाडी धक्के देते, थ्रॉटल किंचित उघडताच झटका बसतो, ही चालकांची तक्रारही निराधार नाही. प्रदूषण मानकांसाठी त्या पट्ट्यात मिश्रण काटेकोर ठेवलेले असते. तेथे थोडे इंधन वाढवले की चाल मृदू होते. पुष्कळांना उपकरण बसवल्यावर 'ताकद वाढली' असे वाटते, ते वस्तुतः हे मार्दव असते.

येथेच आणखी एक गुंता आहे. क्लोज्ड लूपमध्ये नियंत्रकाने इंधन वाढवले, की ऑक्सिजन संवेदक ते ओळखतो आणि ईसीयू इंधन पुन्हा कमी करते. एकाने वाढवायचे, दुसऱ्याने काढून घ्यायचे, असा हा खेळ चालतो. तो थांबवण्यासाठी अनेकदा संवेदकाचाच संकेत बदलला जातो किंवा संवेदक काढून त्याजागी बनावट जोडणी दिली जाते. मग परीक्षकच उरत नाही; इंजिन जुने झाले, इंजेक्टर तुंबला, तरी चूक दाखवून देणारे कोणी नसते.

चुकीच्या ट्यूनिंगचे दुष्परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. पूर्ण भारावर मिश्रण विरल राहिले तर ज्वलनकक्ष अतितप्त होतो, 'नॉकिंग' सुरू होते आणि प्रसंगी पिस्टनला भोक पडते. मिश्रण फार समृद्ध असेल तर प्लग काळे पडतात, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन नेते, इंजिन ऑइल पातळ होते आणि न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो निकामी करते.

इथेनॉलमिश्रित इंधनाने यात भर घातली आहे. शुद्ध इथेनॉलला एका किलोमागे नऊ किलोच हवा लागते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचे नेमके प्रमाण १४.७ नसून १३.५ च्या आसपास येते. जुन्या पेट्रोलवर पूर्ण थ्रॉटलसाठी बेतलेले कोष्टक या इंधनावर तितकेच विरल ठरते. म्हणून ट्यूनिंग करणाऱ्याने हवा-इंधन प्रमाणाच्या आकड्याऐवजी लॅम्डाचे मूल्य पाहावे, हे इष्ट.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने विकलेल्या 'सुपर ट्यूनर' उपकरणांमुळे गाड्यांचे उत्सर्जन प्रमाणित मर्यादेबाहेर जाते, असा आक्षेप तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने घेतला. २००८ पासून अशी सुमारे ३ लाख ४० हजार उपकरणे विकली गेल्याचे संस्थेचे म्हणणे होते. ऑगस्ट २०१६ मध्ये झालेल्या समझोत्यात कंपनीने १ कोटी २० लाख डॉलर दंड भरण्याचे आणि विक्रेत्यांकडील उपकरणे परत घेऊन नष्ट करण्याचे मान्य केले. कायद्याचा आपण लावलेला अर्थ वेगळा असल्याचेही कंपनीने सांगितले होते.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात इंधन नियंत्रकाचा नाव घेऊन उल्लेख नाही. मात्र कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अनधिकृत बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. वायू आणि ध्वनी प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९० खाली पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय तीन महिने परवाना गमवावा लागतो.

'पीयूसी मिळते ना, मग झाले' हा युक्तिवाद फसवा आहे. पीयूसीची तपासणी गाडी जागेवर उभी असताना होते. पुण्यातील 'एआरएआय'सारख्या संस्थेत नव्या मॉडेलची चाचणी मात्र ठरावीक वेगचक्रात गाडी चालवून होते. उभ्या गाडीचा धूर स्वच्छ निघाला, म्हणून घाटात चढणाऱ्या गाडीचाही तसाच असेल असे नव्हे.

निर्णय घेण्यापूर्वी

धक्के, मंद पिकअप, कमी मायलेज अशी तक्रार असेल, तर आधी हवेचा फिल्टर, प्लग, इंजेक्टर, साखळीचा ताण आणि थ्रॉटल केबलची ढील तपासावी. पुष्कळदा रोग तेथेच सापडतो. अधिकृत सेवा केंद्रात ईसीयूची सुधारित आज्ञावली उपलब्ध आहे का, हेही विचारावे. एवढे करूनही नियंत्रक बसवायचाच असेल, तर इंटरनेटवरून उतरवलेल्या कोष्टकावर विसंबू नये. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही फरक असतो. डायनोवर, वाइडबँड संवेदक लावून, आपल्याच गाडीचे आणि आपल्याच इंधनाचे मोजमाप करून घ्यावे. बदलापूर्वीचा आणि नंतरचा आलेख लेखी मागावा. वॉरंटीच्या अटी वाचाव्यात आणि विमा कंपनीला बदलाची माहिती द्यावी. लपवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो.

शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर इंधन नियंत्रक हे उपयुक्त हत्यार आहे. रस्त्यावर मात्र त्याच्या परिणामांचे वाटेकरी आपण एकटे नसतो. सिग्नलला आपल्या मागे दुचाकीवर बसून शाळेत निघालेले मूलही त्याच सायलेन्सरसमोर उभे असते.