शेफिल्डचा वकील: थिओडोर सेज्विक आणि बेटचा खटला

१/८
जानेवारी १७७३. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेकडील शेफिल्ड गावी कर्नल जॉन ॲश्ली यांच्या घरी एक ठराव आकारास आला. सर्व माणसे निसर्गतः समान व स्वतंत्र आहेत, असे त्यात ब्रिटिश सत्तेला बजावले होते. समितीचे लेखनिक होते २६ वर्षांचे वकील थिओडोर सेज्विक. त्याच घरात गुलाम राबत होते. #थ्रेड

२/८
सेज्विक यांचा जन्म १७४६ चा, कनेक्टिकटमधला. येल महाविद्यालय पदवीविना सोडून ते कायद्याकडे वळले आणि १७६६ मध्ये वकील झाले.

३/८
१७८० मध्ये मॅसॅच्युसेट्सची राज्यघटना लागू झाली. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, असे तिचे पहिलेच कलम सांगत होते. ॲश्लींच्या घरातील बेट ही गुलाम स्त्री निरक्षर होती. पण या शब्दांचा अर्थ तिने नेमका ओळखला. ती सेज्विक यांच्याकडे गेली.

४/८
ॲश्ली हे त्यांचे जुने सहकारी. तरीही सेज्विक यांनी वकीलपत्र घेतले. ब्रॉम नावाचा गुलामही बेटसोबत वादी झाला. ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात ज्यूरीने दोघांनाही मुक्त ठरवले आणि ३० शिलिंग नुकसानभरपाई दिली. ॲश्लींनी अपील केले, पण पुढे ते सोडून दिले.

५/८
बेटने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले आणि सेज्विक कुटुंबात पगारी काम स्वीकारले. १७८३ पर्यंत चाललेल्या क्वॉक वॉकर खटल्यांतही हेच कलम पुढे आले. १७९० च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये एकाही गुलामाची नोंद नाही.

६/८
सेज्विक मात्र १७८९ मध्ये काँग्रेसमध्ये पोहोचले. पुढे ते सिनेटर झाले आणि १७९९ ते १८०१ प्रतिनिधिगृहाचे सभापती. परंतु १७९१ मध्ये पळालेले गुलाम मालकांना परत मिळवून देणाऱ्या विधेयकासाठी तीन जणांची समिती नेमली गेली, तीतही ते होते. ते विधेयक रखडले. तसा कायदा १७९३ मध्ये झालाच.

७/८
हा विरोधाभास कसा समजावा? शेफिल्डमध्ये राज्याच्या घटनेतील शब्द बेटच्या बाजूने होते. संघराज्याच्या घटनेत मात्र दक्षिणेकडील राज्यांशी झालेली तडजोड होती आणि तिचे शब्द मालकाच्या बाजूने होते. फेडरलिस्ट सेज्विक यांना संघराज्य टिकवणे आणि मालमत्तेचे रक्षण करणे या दोन्ही गोष्टी मोलाच्या वाटत.

८/८
सेज्विक १८१३ मध्ये वारले, फ्रीमन १८२९ मध्ये. स्टॉकब्रिज येथे सेज्विक कुटुंबाच्या दफनभूमीतच तिची कबर आहे. ‘सर्व माणसे’ हे शब्द ठरावात लिहिले गेले ते तिच्या मालकाच्या घरात. त्या ‘सर्व’मध्ये आपणही येतो, हे सिद्ध करायला न्यायालयाची पायरी चढावी लागली ती तिलाच.