तंजावरचे पहिले मराठी छापील पुस्तक

मराठी ग्रंथकाराच्या पहिल्या छापील पुस्तकाचा शोध घेताना आपली दृष्टी बंगालमधील श्रीरामपूर व मुंबई यांपलीकडे सहसा जात नाही. वस्तुतः 1805 मध्ये श्रीरामपुरास केरीचे मराठी व्याकरण छापले गेले, त्यानंतर थोड्याच वर्षांत दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द 1798–1832) तंजावरात देवनागरी छापखाना चालवून सख्खण पंडितांनी मराठीत उतरविलेल्या इसापाच्या गोष्टी ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने छापविल्या. याच राजांनी 1803 मध्ये भोसले कुळाचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरविला होता. दगडावरून खिळ्यांवर यावयास फार अवधी लागला नाही! शहाजीराजांची (1684–1712) मराठी नाटके मात्र बाडांतच राहिली. छापून निघाले ते मुलांसाठी केलेले भाषांतर. पंडितांना राजाश्रय होता, पण पुस्तक विकत घेऊन वाचणारा मराठी समाज त्या तमिळ मुलखात कितीसा असणार? दुसऱ्या लेखकाला उमेद यावी ती अशा वाचकामुळे. मुंबईत शाळांमुळे तो निर्माण होत होता. तेथे 1828 मध्ये बापू छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ प्रसिद्ध झाली आणि तीच पुढे मराठी घराघरांतून वाचली गेली. त्या वर्षी सरफोजीराजे हयात होते.