बावधनला साडेचार वर्षं नगरसेवक का नव्हता? कोर्टाच्या एका 'जैसे थे' आदेशाची गोष्ट

३० जून २०२१ ला राज्य सरकारने २३ गावं पुणे महापालिकेत घेतली. त्यात मुळशी तालुक्यातलं बावधन बुद्रुकही होतं. (बावधन खुर्द आधीच पालिकेत होतं.) ग्रामपंचायत गेली, सरपंच गेले. नगरसेवक मात्र आलाच नाही. पालिकेसाठी इथल्या लोकांनी मत दिलं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला.

मधल्या काळात पाणी, कचरा, रस्ता, काहीही अडलं तरी अधिकाऱ्यांचंच दार. १५ मार्च २०२२ पासून तर अख्ख्या पुण्यात प्रशासक. बजेट आयुक्तांनीच मांडायचं आणि त्यांनीच मंजूर करायचं.

निवडणूक अडली होती सुप्रीम कोर्टात. "कोर्ट पण त्यांचंच" ही कमेंट अशा वेळी हमखास दिसते. पण नेमकं झालं काय?

सुरुवात ओबीसी आरक्षणापासून. ४ मार्च २०२१ ला कोर्टाने सांगितलं की, स्थानिक संस्थांमध्ये हे आरक्षण द्यायचं तर आयोग नेमून मागासलेपणाची माहिती गोळा करा, संस्थेनुसार प्रमाण ठरवा आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवा. महाविकास आघाडी सरकारकडे ती माहितीच नव्हती. तरीही अध्यादेश काढून २७ टक्के दिलं, त्याला डिसेंबर २०२१ मध्ये स्थगिती मिळाली. पुढे बांठिया आयोगाचा अहवाल आला आणि २० जुलै २०२२ ला कोर्टाने त्यानुसार निवडणुका घ्यायला सांगितलं. वाटलं, सुटला विषय.

पण तोवर सरकार बदललं होतं. आघाडीने पुण्यात तीन सदस्यांचा प्रभाग केला होता, शिंदे सरकारने ऑगस्टमध्ये २०१७ ची चार सदस्यांची रचना परत आणली. प्रभागाची रेष कुठून जाते यावर कुणाची सीट लागते हे बऱ्याचदा ठरतं, त्यामुळे हे भांडणही कोर्टात गेलं. २२ ऑगस्ट २०२२ ला कोर्टाने 'जैसे थे' आदेश दिला, पाच आठवड्यांसाठी.

तो चालला जवळपास पावणेतीन वर्षं.

खरी गोम इथे आहे. राज्यघटनेच्या कलम २४३-यू नुसार पालिकेची मुदत संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी. निवडणुका लांबवता येणार नाहीत, दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा, असं याच कोर्टाने ४ मे २०२२ ला बजावलं होतं. आणि साडेतीन महिन्यांनी त्याच कोर्टाच्या अंतरिम आदेशाने सगळं गोठलं. नंतर फक्त तारखा.

यात कोर्टाने कुणाची बाजू घेतली असं म्हणायला पुरावा नाही. घोळ दोन्ही सरकारांनी घातला होता. पण 'जैसे थे' कागदावर तटस्थ असला तरी प्रत्यक्षात नसतो. प्रशासक नेमतं राज्य सरकार. म्हणजे निवडणूक थांबली की पालिकेची चावी आपोआप मंत्रालयाकडे. फायदा एकाच बाजूला होताना दिसला की हेतूवर शंका घेणारच लोक.

शिवसेना फुटीच्या प्रकरणातही हेच झालं. विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला एकाही आमदाराला अपात्र ठरवलं नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, पण निकालाआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची मुदतच संपली. ज्या आमदारकीवर वाद होता, ती उरलीच नाही.

पालिकांची कोंडी फुटली ६ मे २०२५ ला. बांठिया अहवालाआधीचं आरक्षण धरा आणि चार महिन्यांत निवडणुका घ्या, असा आदेश आला. तेही जमलं नाही, मग ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत. अखेर पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडून आले.

मूळ खटला मात्र त्याने संपला नाही. आरक्षणाने ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडली त्या ठिकाणचे निकाल आपल्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहतील, असं कोर्टाने २८ नोव्हेंबर २०२५ लाच सांगून ठेवलं होतं.