रामेन : डुकराच्या हाडांचा रस्सा आणि मांसबंदीचा देश

१/ दापोडे, मानकोली, राहनाळ या भिवंडीलगतच्या गावांत भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. तेथून मुंबई-ठाण्याकडे जाणाऱ्या किराणामालात ‘रामेन’ लिहिलेली पाकिटे असणे आता नवलाचे नाही. मुंबईच्या साध्याशा जपानी उपाहारगृहात डुकराच्या मांसाचे रामेन प्रथमच चाखणाऱ्याला तो अस्सल, प्राचीन जपानी पदार्थ वाटतो. वस्तुतः तो जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे, आणि मुळात परका आहे.

२/ इ.स. ६७५ मध्ये बौद्ध प्रभावाखाली सम्राट तेन्मू याने गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस वर्षातील काही महिने खाण्यास मनाई केली. रानडुक्कर त्या यादीत नव्हते. पुढे मात्र चतुष्पादांचे मांस सर्रास अपवित्र मानले गेले. लोकांनी पळवाट काढली : रानडुकराला ‘यामाकुजिरा’, म्हणजे डोंगरातला देवमासा, म्हणून खाल्ले.

३/ या सोवळ्याची किंमत काही माणसांनी मोजली. जनावरे सोलणारे, कातडी कमावणारे समाज अस्पृश्य ठरले. १८७१ मध्ये शासनाने त्यांचा हीन दर्जा कायद्याने रद्द केला. १८७२ च्या आरंभी सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. मांस पाश्चात्त्य सुधारणेचे चिन्ह ठरून प्रतिष्ठित झाले, पण ते कापणाऱ्यांचा कलंक टिकला. महाराष्ट्राला ही कथा परकी वाटू नये.

४/ १८५९ मध्ये योकोहामा बंदर परकीय व्यापारास खुले झाले. तेथील चिनी वस्तीतून गव्हाच्या शेवया आणि मांसाचा रस्सा जपानात रुजला. १९१० मध्ये ओझाकी कान्इची यांनी योकोहामाचे चिनी आचारी आणून तोक्योच्या असाकुसा भागात ‘राइराइकेन’ काढले. गिऱ्हाईक साधेच होते. पदार्थाचे नाव तेव्हा ‘शिना सोबा’, म्हणजे चिनी शेवया.

५/ याच काळात मुंबईही जपानशी जोडली जात होती. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या कंपनीच्या साथीने मुंबई-जपान जहाजसेवा सुरू करून पी. अँड ओ. कंपनीच्या मक्तेदारीला आव्हान दिले. हिंदुस्थानी कापूस ओसाकाच्या गिरण्यांत कातला जाऊ लागला. पुढे तेथलेच स्वस्त कापड येथील विणकरांशी स्पर्धा करू लागले.

६/ रामेनच्या शेवयांचा पिवळसरपणा आणि चिवटपणा ‘कान्सुइ’ या क्षारयुक्त पाण्यामुळे येतो. आपल्याकडे पापडखार जे करतो, त्याच जातीचे हे रसायन. डुकराच्या हाडांचा पांढरा ‘तोन्कोत्सु’ रस्सा क्यूशू बेटावरील कुरुमे गावचा. तेथे १९३७ मध्ये एका हातगाडीवर हाडांचा रस्सा मिळू लागला. १९४७ मध्ये दुसऱ्या एका गाडीवर तो चुकून अतिउकळला आणि दुधासारखा झाला, असे सांगितले जाते. तासन्‌तास उकळल्याने हाडांतील चिकटा सुटतो आणि चरबी पाण्यात मिसळून जाते. पाया शिजवणाऱ्या घरांना हे गुपित ठाऊक आहे. फक्त जनावर वेगळे.

७/ युद्धोत्तर जपानात तांदळाची टंचाई होती. अमेरिकी गहू आला, काळ्या बाजाराच्या गाड्यांवर शेवया विकल्या गेल्या आणि उपाशी शहरांनी त्यावर दिवस काढले. १९५८ मध्ये मोमोफुकु आंदो यांनी तळून वाळवलेले ‘चिकन रामेन’ बाजारात आणले. भारतात १९८३ मध्ये मॅगी आली आणि नव्वदीत ‘टॉप रामेन’ने हा शब्द मराठी घरांत पोहोचवला.

८/ डुकराचे मांसही या किनाऱ्याला नवे नाही. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. तेथील आणि ठाणे-साष्टीतील ईस्ट इंडियन घरांत लग्नसराईला पोर्क इंदियाल आणि फुगे आजही होतात. इतरत्र मात्र डुक्कर पाळणाऱ्या जातींच्या वाट्याला तुच्छताच आली. मुसलमान घरांत ते धर्माने वर्ज्य आहे आणि भिवंडीसारख्या गावात त्याचा मान राखला जातो.

९/ न खाणे हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. खाणाऱ्याला हीन लेखणे हा सत्तेचा. जपानात परक्यांचा, गरिबांचा आणि एकेकाळी अपवित्र ठरलेला पदार्थ आज राष्ट्राची ओळख म्हणून मिरवतो. त्याच मांसावरून ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांच्या ताटाला असा मान कधी मिळणार, हा प्रश्न मुंबईतल्या महागड्या वाडग्यापाशी येऊन थांबतो.